शेवटच्या आठवड्यांचें वाङ्मय

मराठी वाङ्मयांत मरणाचीं वर्णनें थोडीं नाहींत. रणांगणावरील मरण, संतांचें निर्याण, कादंबरीच्या शेवटीं क्षयानें विझत जाणारी नायिका, हीं सर्व वाचकांच्या परिचयाचीं आहेत. परंतु मरणाच्या अलीकडचे जे पांच-सहा आठवडे, ज्यांत वैद्य हात टेकतात, रोग्यास घरीं आणितात आणि पति किंवा पत्नी त्याच्या उशाशीं बसून राहते, त्यांविषयीं आमचे लेखक विलक्षण अबोल आहेत. हा अबोलपणा कोठून आला आणि त्याची किंमत कोण देतें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाची आमच्याकडील आद्यकथा वनपर्वांतील सावित्रीची होय. वडाला सूत गुंडाळणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तिचा यमाशीं झालेला संवाद ठाऊक असतो; पण कथेचें मर्म आम्हांस त्याच्या अगोदरच्या भागांत दिसतें. सत्यवानाचें आयुष्य एकच वर्ष उरलें आहे, हें सावित्रीनें विवाहापूर्वींच नारदाच्या तोंडून ऐकिलें होतें. सासरीं ती तें कोणास सांगत नाहीं. ती दिवस मोजते, घरकाम करिते, अखेरचे दिवस आले म्हणजे त्रिरात्रव्रत धरिते. आणि ज्याचें मरण जवळ आलें त्यालाच त्याचा पत्ता नसतो. महाभारतकारानें तिला यमावर विजय दिला, म्हणून तें मौन सफल झालें. आमच्या घरांनीं मात्र मौन तेवढें उचललें. विजय कोणाच्या वांट्यास येत नाहीं.

अर्वाचीन काळांत या विषयाच्या सर्वांत जवळ गेलेलें पहिलें मोठें पुस्तक म्हणजे रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'. न्यायमूर्ति रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस हृदयविकारानें वारले, आणि पुस्तक तेथेंच संपतें. रोग निराळा असला तरी उशाशीं बसलेली व्यक्ति तीच आहे. रमाबाई पतीचें नांव घेत नाहींत. त्यांचा निर्देश 'स्वतः' या शब्दानें करितात. या एका शब्दांत पुस्तकाचें बळ आणि मर्यादा दोन्ही आम्हांस आढळतात. त्यांतील निष्ठा अस्सल आहे, भाषा माजघरांतली आहे. पण 'स्वतः' हा शब्दच दुसऱ्यासाठीं राखून ठेविल्यावर लिहिणारीच्या स्वतःच्या थकण्याला व भिण्याला जागा अपुरी पडते. तिच्या सेवेचा आदर करून वाचक पुढें जातो. ती रात्रीं किती वेळ जागी होती, हें विचारण्याचें त्याला सुचत नाहीं.

जवळजवळ एका शतकानंतर डॉ. अनिल अवचट यांनीं 'सुनंदाला आठवताना' लिहिलें. येथें लिहिणारा पति आहे, आणि पत्नीचें नांव थेट मथळ्यावर आहे. डॉ. सुनंदा अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९८६ सालीं पुण्यांत सुरू झालेलें मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र हें त्यांचें कार्य. १९९७ सालीं कर्करोगानें त्यांचें निधन झालें. पत्नीनें मिळवावें व पतीनें घर सांभाळावें, ही त्यांच्या संसाराची रीत अवचटांनीं पूर्वींच निःसंकोचपणें सांगितली होती. शुश्रूषेविषयीं लिहितांनाही त्यांना उपकारकर्त्याची ऐट आणावी लागत नाहीं, हा त्याचाच परिणाम. दोघेंही वैद्यक शिकलेलीं. तेव्हां रोगाचें नांव लपविण्याचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणून तीं दोघें शेवटपर्यंत एकमेकांशीं बोलूं शकलीं. मराठींत ही गोष्ट नवी होती. तथापि आमच्या भागांतील वाचक हें पुस्तक मिटून म्हणतो, "तीं माणसेंच वेगळीं," आणि त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं.

कारण आमचीं घरें कशीं आहेत? नांदेडचा रोगी देवगिरी एक्सप्रेसनें मुंबईस, १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा रुग्णालयांत जातो, नाहीं तर हैदराबादेस. लातूरकडचे कित्येक बार्शीस जातात. त्या बार्शीस १९८७ पासून खेड्यांतील कर्करुग्णांची नोंदवही ठेविली जात आहे. देशांतील अशी ती पहिली. गांव, वय, रोगाची जागा तींत मिळेल. नवरा-बायको शेवटीं काय बोललीं, याचा रकाना तींत नसणार. तो भरण्याचें काम वाङ्मयाचें आहे. "आतां घरीं न्या," हें व्हरांड्यांत मुलाला सांगितलें जातें, खाटेवरच्या माणसाला नव्हे. घरीं आल्यावर "गांठ होती, काढली, आतां शक्ति येईल," हें पाहुण्यांपुढें रोज म्हणावें लागतें. रोगी बहुधा सर्व ओळखून असतो; पण पत्नीला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीं, आणि तोच विचार करून तीही बोलत नाहीं. बँकेचें पासबुक, सात-बारा, मुलीचें लग्न, तीस वर्षांपूर्वींचा एखादा दुखावलेला शब्द, सारें तसेंच राहून जातें. मरणानें जें नेलें नसतें तें या नाटकानें जातें.

यावर आक्षेप ठरलेला आहे: खरें सांगितल्यास रोगी खचेल. या भीतींत माया आहे, हें आम्ही मान्य करितों. न विचारतां कोणाच्या डोक्यांत सत्य घालावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो विचारील तेव्हां खोटें बोलूं नये, आणि त्याला विचारतां यावें इतकी वेदना आधीं शमवावी. मॉर्फीन त्यासाठींच आहे. १९८५ च्या कायद्यानें तें मिळणें दुर्घट झालें होतें. २०१४ च्या दुरुस्तीनें वाट पुष्कळ सुकर केली, पण मनांतली धास्ती गेलेली नाहीं. त्या धास्तीस आमचे लेखकही खतपाणी घालतात. रोग्याच्या कळांना भोग म्हणावें, तपश्चर्या म्हणावें आणि त्या सोसणाऱ्याला साधुपुरुष ठरवावें, ही लेखनरीति आम्हांस निर्दय वाटते. कळा येत असतां कोणी साधु होत नाहीं. तो फक्त कण्हतो, आणि पलीकडचें माणूस ऐकत बसतें.

आम्हांस हवें आहे तें लातूरच्या एखाद्या कारकुनाच्या बायकोचें किंवा नांदेडच्या एखाद्या शिक्षकाचें साधें पुस्तक. त्यांत चादरी बदलणें असावें, औषधांचा हिशेब असावा, चिडणें असावें. 'आतां सुटका होवो' असें मनांत येणें आणि तें आल्याची लाज वाटणें, हेंही असावें. असें पुस्तक सुंदर नसलें तरी चालेल. तें वाचून एखाद्या घरांत उशाशीं बसलेल्या माणसाला "तुम्हांला काय वाटतंय?" एवढें विचारण्याचें धैर्य झालें, तर त्या पुस्तकाचें काम झालें असें आम्ही समजूं.