पाणी घेणारे हात

परोपकारावर प्रवचन करणे सोपे असते. दयाळू शोमरोन्याचा दाखला हाताशी असतो, श्रोते मान डोलावतात आणि आम्ही धर्मगुरू समाधानाने वेदीकडे वळतो. साहित्याचे काम अधिक अवघड आहे. दया करणाऱ्याला आत काय ओलांडावे लागले आणि त्या दयेची किंमत कोणी मोजली, हे साहित्याने सांगावे अशी अपेक्षा असते. या अपेक्षेने आम्ही यंदाच्या उपवासकाळात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेचे मराठीतील स्थान वादातीत आहे. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे, म्हणून हा ग्रंथ आपल्या एखाद्या घरात पोहोचला नसेल, तर ती उणीव ग्रंथाची नव्हे, आपली होय.

तुमसरच्या वाचकाला या कथेत शिरण्यासाठी एक जवळचा दरवाजा आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. तो लोहमार्ग आजही आपल्या तुमसर रोड स्थानकावरून जातो. डब्यात त्यांना एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांचे बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावर. धर्माचा विषय पुढे निघाला. त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. ग्रंथ प्रथम टिळकांना रुचला नाही. शब्द दिला होता म्हणून ते वाचीत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या सहप्रवाशाचे नाव मात्र त्यांना कधीच कळले नाही.

आपल्याकडे ही कथा बहुधा येथेच संपविली जाते. अनोळख्याने अनोळख्यावर केलेल्या उपकाराचे गोमटे उदाहरण म्हणून ती आम्हीही व्यासपीठावरून सांगितली आहे. परंतु त्या उपकाराची दुसरी बाजू 'स्मृतिचित्रे' वाचल्याखेरीज कळत नाही. गाडीतील गृहस्थ आपल्या वाटेने गेले. इकडे एका तरुण ब्राह्मण स्त्रीचा संसार मोडला. पती जिवंत असून अंतरलेला, पदरी लहानगा दत्तू, आणि आप्तांच्या घरचा आसरा: सुमारे पाच वर्षांचा हा विरह लक्ष्मीबाईंनी सोसला. एकाला मिळालेला प्रकाश दुसऱ्याच्या घरात अंधार करून गेला. लेखिका हे लपवीत नाही आणि त्याबद्दल कोणाला शापही देत नाही. आमच्या मते ग्रंथाचे मोठेपण प्रथम या प्रामाणिकपणात आहे. दयेचे कृत्य हातून सुटले की ते कोठवर जाईल, हे करणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून दया करणाऱ्याने अभिमान धरू नये, हा बोध हा ग्रंथ उपदेश न करता देतो.

दुसरी गोष्ट याहून मोलाची वाटते. लक्ष्मीबाई वाढल्या त्या घरात वडिलांच्या सोवळ्याने परिसीमा गाठली होती. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही. परका म्हणजे विटाळ, हा तेथील पहिला धडा. पतीकडे परतल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. पती ख्रिस्ती, आणि पत्नीचे पाणी वेगळे! मग एके दिवशी त्या एकट्याच विचार करू लागल्या, की हे जातिभेद देवाने केले की माणसाने? माणसानेच केले, असा निर्वाळा त्यांच्या मनाने दिला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांचा निश्चय झाला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु अंतःकरणाचा उंबरठा त्यांनी आधीच ओलांडला होता.

येथे वाचकाने थांबून पाहावे. परक्याला पाणी देणे हा परोपकार, असे आपण मानतो. लक्ष्मीबाईंच्या कथेत परक्याच्या हातचे पाणी घेणे ही पहिली पायरी आहे. देणारा वरच्या पायरीवर उभा राहू शकतो. घेणाऱ्याला खाली उतरावेच लागते. योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीपाशी आपल्या प्रभूनेही शोमरोनी स्त्रीला प्रथम काही दिले नाही. तो थकून बसला होता आणि त्याने तिच्याकडे पाणी मागितले. ज्याच्या हातचे आपल्याला चालत नाही, त्याला दिलेली भिक्षा ही दया नव्हे, अंतर राखण्याची एक सभ्य रीत आहे.

तिसरा विशेष विनोदाच्या अंगाने येतो. टिळकांचा हात सढळ आणि घर सर्वांना मोकळे. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण कवी अहमदनगरला त्यांच्या घरी घरच्यासारखा राहिला, हे सर्वश्रुत आहे. परंतु पतीच्या औदार्याचा हिशेब शेवटी चुलीपाशी जुळवावा लागतो, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. आपल्या धर्मग्रामाच्या अहवालांत देणगीदारांची नावे असतात. अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी पुन्हा पीठ मळणाऱ्या माउलीचे नाव नसते. ही उणीव या ग्रंथाने भरून काढली आहे.

ग्रंथाला मर्यादा नाहीत असे नाही. घरात आलेली गरजू माणसे आपल्याला यजमानिणीच्याच डोळ्यांनी दिसतात. त्यांना त्या घरात काय वाटले, उपकाराचे ओझे कोणाला झाले काय, हे फारसे कळत नाही. आत्मकथेला ही सीमा असतेच. तरी वाचकाने ती ध्यानात ठेवावी.

हे वाचन चालू असतानाचा एक प्रसंग सांगितल्यावाचून लेखणी थांबत नाही. एका रात्री दहाच्या सुमारास स्थानकाकडून आलेला एक प्रवासी आमच्या दाराशी उभा राहिला. गाडी चुकली होती. आम्ही खिडकीतून पाण्याचा तांब्या आणि पन्नास रुपये दिले. दार उघडले नाही, नावही विचारले नाही. त्याने पाणी प्यायले, तांब्या विसळून पायरीवर पालथा घातला, आणि पैसे त्याच्याखाली ठेवून तो निघून गेला. सकाळी ते आमच्या हाती लागले. मेजावर 'स्मृतिचित्रे' उघडीच होती. त्या माणसाला पैसे नको होते. पहाटेपर्यंत कोणाच्या तरी ओसरीवर टेकायचे होते, एवढे आम्हाला तेव्हा उमगले.

आम्ही एवढेच सुचवू, की हा ग्रंथ घरातील वडीलधाऱ्यांनी रात्रीच्या रोझरीनंतर चार-चार पाने मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर मुलांना, आपण कोणाला काय दिले, असे विचारू नये. आपण कोणाच्या हातचे अजून घेत नाही, एवढेच विचारावे, आणि उत्तर प्रथम स्वतः द्यावे.