शब्द आधी, सूर मागून : भीमराव पांचाळे यांची ‘एक जखम सुगंधी’

मराठी गझल गायली जाते तेव्हा ती गझल राहते की भावगीत होते, हा प्रश्न वऱ्हाडात निव्वळ शास्त्राचा नाही. सुरेश भट अमरावतीचे. भीमराव पांचाळे मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे. अचलपूर, बाळापूर, अकोला या गावांना उर्दू मुशायऱ्याची सवय जुनी. माधव जूलियनांचा ‘गज्जलांजलि’ 1933चा, पण गझलेचा कायदा नवकवींना पोस्टाने शिकवला तो भटांच्या ‘गझलेची बाराखडी’ने. अशा मुलखातून आलेला गायक स्टुडिओत गेला, तर त्याच्या हातून काय सुटते आणि काय टिकते, हे पाहावे म्हणून मी ‘एक जखम सुगंधी’ पुन्हा लावली.

आधी उलट बाजूचे उदाहरण घेऊ. भटांची ‘मालवून टाक दीप’ काटेकोर गझल आहे. मतला आहे, काफिया आहे, रदीफ तेवढा नाही. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा आवाज यांनी ती अमर केली, पण ती गझल आहे हे आजही पुष्कळांना सांगावे लागते. चाल इतकी सलग वाहते की दोन शेरांमधली भिंत दिसत नाही. यात संगीतकाराचा दोष नाही. त्यांना गीत करायचे होते, ते त्यांनी केले.

भीमराव स्वतःच चाल बांधतात आणि स्वतःच गातात. कवी मात्र दुसरा. ते दुधगावच्या इलाही जमादारांकडे गेले, हे मला महत्त्वाचे वाटते. वऱ्हाडचा गळा आणि सांगलीकडची लेखणी! त्यांच्या आवाजात घरोघरी गेलेल्या इलाहींच्या दोन गझला, ‘अंदाज आरशाचा’ आणि ‘जखमा अशा सुगंधी’, कागदावर मांडून पाहाव्या. दोन्हींचे वृत्त एकच, आनंदकंद : गागाल गालगागा, गागाल गालगागा. इक्बालांच्या ‘सारे जहाँ से अच्छा’चीही हीच चाल. ओळीचे दोन सारखे तुकडे पडतात, म्हणून हे वृत्त गायकाला लाडावते. ताल धरला की ओळ आपोआप झुलू लागते आणि शब्द पाळण्यात झोपतात. शाळेतल्या प्रार्थनेसारखे ते म्हणून टाकता येते, हाच त्याचा धोका.

भीमराव मधल्या यतीवर थांबत नाहीत, अर्थ जिथे वळतो तिथे थांबतात. पहिल्या गझलेची रदीफ ‘असावा’ आहे. हे क्रियापद ठासून म्हणायचे नाही. ‘आहे’ म्हणण्याइतका पुरावा कवीजवळ नाही, आणि ‘नाही’ म्हणण्याची तयारीही नाही. अंदाजाची गझल अंदाजाच्याच क्रियापदावर उभी आहे. गायकाने इथे तान घेतली असती तर शंका विधान झाली असती. ते काफियावर वजन देतात आणि ‘असावा’ हलकेच सोडून देतात. दर शेराला तोच शब्द येतो, आणि दर वेळी आधीच्या काफियाने त्याचा रंग बदललेला असतो. गझल कळण्यासाठी याहून वेगळे व्याकरण श्रोत्याला लागत नाही.

ही शब्द पोचवण्याची खोड कुठून आली असेल? मला वाटते, भजनातून. आष्टगाव ज्या टापूत आहे, तिथेच मोझरीचा गुरुकुंज. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या भागातल्या दोन पिढ्यांचे कान घडवले. त्या कानांना न कळलेला शब्द चालत नाही. हे माझे अनुमान आहे, भीमरावांनी कुठे तसे म्हटल्याचे मी सांगत नाही.

तक्रारही आहे. शेराचा पहिला मिसरा गायकाने दोनदा-तीनदा फिरवायचा, लोकांना दुसरा ओळखू द्यायचा, आणि काफिया पडताच दाद उसळायची, हे गझलेचे चालते यंत्र. स्टुडिओत समोर माणूस नाही. ती जागा वाद्यांचे तुकडे भरून काढतात. ते गोड आहेत, पण वाट पाहायला लावत नाहीत. अकोल्यात मी त्यांची मैफल ऐकली तेव्हा एका शेराआधीची शांतता चालीपेक्षा मोठी वाटली होती. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ दुसरा मिसरा येण्याआधीच काफिया पुटपुटले, तो बरोबर निघाला, आणि ते स्वतःवरच खूश होऊन हसले. असे हसू ध्वनिमुद्रणात मावत नाही. शिवाय एकामागून एक ऐकताना उदासीचा स्वर जरा एकसारखा होतो. इलाहींच्या लेखणीत खोडकरपणा आहे, तो गळ्यात कमी उतरला.

तरीही एक गोष्ट मी तपासून पाहिली. ही ध्वनिमुद्रिका आवडणाऱ्यांना मी विचारत गेलो, की गझल कोणाची. बहुतेकांनी इलाहींचे नाव आधी घेतले, भीमरावांचे नंतर. ‘मालवून टाक दीप’बद्दल त्याच माणसांना विचारले, तेव्हा उत्तर आले, लताबाईंचे.