कोणाची सदसद्विवेकबुद्धी?

निकालपत्र हाही गद्यलेखनाचाच एक प्रकार आहे. कादंबरीतील शब्द चुकला तर फार तर रसभंग होतो. निकालपत्रातील शब्द चुकला तर एखाद्याच्या प्राणाशी गाठ पडते. म्हणून देहान्ताच्या शिक्षेची निकालपत्रे साहित्याच्या वाचकांनीही वाचावीत, असे आम्हांला वाटते. येथे आम्ही त्यांतील एकाच शब्दाचा विचार करणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘सदसद्विवेकबुद्धी’.

१९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने देहान्ताची शिक्षा घटनेशी सुसंगत ठरविली. पण तिला कडक कुंपण घातले. जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तोही ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणी. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा, तो सुधारण्याजोगा नाही हे सरकारपक्षाने दाखवून द्यावे, असे ते निकालपत्र सांगते. न्या. पी. एन. भगवती यांचे भिन्नमत १९८२ साली प्रसिद्ध झाले. कोणाचा जीव जाईल हे न्यायासनावर कोण बसले आहे यावर ठरेल, ही त्यांची चिंता होती.

१९८३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या सूत्राचा अर्थ लावताना समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला साक्षीस आणले. तिला असा हादरा बसावा की न्यायाधीशांकडून ती फाशीचीच अपेक्षा करील, अशी ती कसोटी. १९९६ सालच्या एका निकालाने पुढे जाऊन सांगितले की, शिक्षा ठरविताना गुन्ह्याचे स्वरूप पाहावयाचे, गुन्हेगाराचे नव्हे. अशा रीतीने सोळा वर्षांत माणूस निकालपत्रातून पुसला गेला.

त्याचा परिणाम पाहण्यासाठी महाराष्ट्रातीलच एका खटल्याची दोन निकालपत्रे शेजारी ठेवावीत. जून २००३ मध्ये एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे प्राण गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. या क्रौर्यापुढे कोणाचेही रक्त तापावे, यात नवल नाही. सहा जणांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. आधार होता १९९६ च्या निकालाचा. आणि जेमतेम दोन आठवड्यांनी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने, दुसऱ्या एका खटल्यात, तो १९९६ चा निकाल घटनापीठाच्या निर्णयाकडे दुर्लक्ष करून दिलेला असल्याचे सांगितले! २०१२ साली १४ निवृत्त न्यायाधीशांनी अशा चुकीच्या आधारावर दिलेल्या फाशीच्या शिक्षांविषयी राष्ट्रपतींना लिहिले.

दुसरे निकालपत्र मार्च २०१९ चे. फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात ऐकावेत, असा निर्णय २०१४ साली झाला होता. त्यामुळेच हा खटला पुन्हा उघडला. आता तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडले. एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांच्याविरुद्ध काहीच केले गेले नव्हते, ही गोष्ट पुढे आली. सहाही जण भटक्या जमातीतील गरीब मजूर. त्यांतील एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही निष्पन्न झालेले होते. सोळा वर्षांच्या भोगाबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. दोष तपासयंत्रणा आणि अभियोगपक्ष यांच्या पदरी घातला गेला. हे निकालपत्र संयमी आहे, प्रामाणिक आहे. मात्र अशा तपासावर तीन न्यायालयांची मोहोर कशी उमटली, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतोच.

आमच्या मते उत्तराचा एक धागा त्या शब्दात आहे. २००९ साली समाज संतप्त होता आणि त्या संतापाला सदसद्विवेकबुद्धी म्हणण्याची न्यायालयांना सवय जडलेली होती. कॅथलिक वाचकाला हा शब्द परका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तिला मानवी अंतःकरणाचा गाभारा मानले. तेथे माणूस एकटा देवासमोर उभा असतो. ती प्रथम स्वतःकडे बोट दाखविते. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण तिच्यापुढे आपलीच झडती देतो, शेजाऱ्याची नव्हे. असा शब्द जमावाच्या स्वाधीन केला की त्यातील आत्मपरीक्षण गळून पडते आणि उरतो केवळ क्षोभ. बळी पडलेल्या कुटुंबालाही त्या क्षोभाने न्याय दिला नाही. ज्यांनी ते घर उद्ध्वस्त केले ते मोकळेच राहिले.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची मानसिक स्थिती, घरची परिस्थिती, तुरुंगातील वर्तन यांची माहिती खालच्या न्यायालयांनीच मागवावी, असे सांगितले. पुसलेला माणूस निकालपत्रात परत येऊ लागला, याचे आम्ही स्वागत करतो. ख्रिस्तसभेचीही वाटचाल याच दिशेची आहे: पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली अशा शिक्षेचे प्रसंग जवळजवळ उरलेले नाहीत असे लिहिले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षण ग्रंथात ती अग्राह्य ठरविली.

झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो, तेव्हा जमावाची वाक्ये आपणा श्रद्धावंतांना म्हणावी लागतात. ख्रिस्तसभेने ती आपल्याच तोंडी घातली, यात मोठे शहाणपण आहे. पिलाताला आरोपीत दोष दिसला नव्हता; त्याने निकाल दिला तो त्या आवाजाला भिऊन. उद्या एखादे न्यायालय ‘समाजाची सदसद्विवेकबुद्धी’ असे लिहील, तेव्हा ते आपल्याच नावाने लिहिलेले असेल, याचे भान आपण वाचकांनी ठेवावयास हवे.