शेवटच्याला मान

मोलिएरच्या १६७० सालच्या ‘ल बूर्झ्वा जाँतीयॉम’ या नाटकात झूर्दँ नावाचा पैसेवाला गृहस्थ, बड्या लोकांत उठबस करता यावी म्हणून मास्तर ठेवतो. ‘आ’ म्हणताना तोंड मोठं उघडावं, एवढं मास्तर शिकवतो आणि झूर्दँ हरखून जातो. प्रेक्षक झूर्दँला हसतात. माझी तक्रार मास्तरविरुद्ध आहे. सुटे स्वर शिकून भाषा येत असती, तर सुटे पैसे मोजणारा प्रत्येक कारकून मॅनेजर झाला असता! खरी मेख जोडण्यात आहे.

फ्रेंचमध्ये मित्राला ‘आमी’ म्हणतात. (आपल्याकडे ‘आमी’ म्हटलं की छडी मिळायची, तो भाग वेगळा.) अनेकवचनासाठी मागं ‘ले’ आला, की त्याच्या शेपटातला एरवी मुका असणारा ‘स’ हा ‘झ’ होऊन आमीच्या घरात शिरतो : ले-झा-मी. ‘माझा मित्र’ म्हणजे मो-ना-मी. दोन स्वरांमधल्या एकट्या व्यंजनानं पुढच्याच्या पंगतीला बसायचं. मध्ये शब्दाची भिंत असली तरी बेहत्तर.

जोराचंही तेच. इंग्रजीत प्रत्येक मोठ्या शब्दाला जोराची जागा नेमून दिलेली, पेन्शनसारखी. फ्रेंच शब्दाला ती एकटा असेपर्यंतच. मो-ना-मीत मान ‘मी’चा. पुढं ‘पोल’ हे नाव जोडा, मान पोलकडे गेला! आणि जोर म्हणजे आरडाओरडा नव्हे. शेवटचं अक्षर जरा लांबवायचं, इतकंच. लेजरमध्ये रकमा कितीही असोत, रेघ बेरजेखालीच.

म्हणूनच एकेका शब्दाशेजारी उच्चार छापणारी ‘घरबसल्या फ्रेंच’ थाटाची पुस्तकं मला पटत नाहीत. त्यांच्या भरवशावर पॅरिसात उतरलेल्याला (तिथं ते ‘पा-री’, जोर ‘री’वर) पाठ केलेला एकही शब्द ओळखीचा भेटायचा नाही. सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेले!

त्यात ‘लहान’चं स्त्रीलिंग घ्या. बोलताना स्वर गिळून नुसतं ‘प्तीत’. रासीनच्या १२ अक्षरी ओळीत मात्र, पुढं व्यंजन आलं की प-ती-त अशी तिन्ही अक्षरं मोजून घेतात. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. आपणही ‘राम’ लिहितो, ‘राम्’ म्हणतो आणि वृत्तात दोन अक्षरं वसूल करतोच की!

झूर्दँ जन्मानं फ्रेंच. हे सगळं त्याच्या जिभेवर आधीच होतं, म्हणून मास्तरचं निभावलं. आमच्या पुस्तकवाल्यांचं कसं निभावणार?