काउंटीचे न्यायालय आणि आडगावचे ज्यूरी

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली व १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक लाभले. तेव्हापासून ती अ‍ॅटिकस फिंच या सत्त्वशील वकिलाची कथा म्हणून वाचली जाते. हे वाचन चुकीचे नव्हे, पण अपुरे आहे. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या वाचकाला तीत आणखी एक पात्र दिसते. ते म्हणजे अलाबामा राज्यातील मेकम ही काल्पनिक काउंटी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.

या काउंटीचे मुख्य ठाणे कसे ठरले, याची हकीकत लेखिकेने मिस्कीलपणे सांगितली आहे. सिंकफील्ड नामक खाणावळवाल्याने मोजणीदारांना मद्य पाजून नकाशा आपल्या सोयीने फिरवून घेतला आणि नदीपासून दूर, त्याच्या खाणावळीजवळ गाव वसले. परिणामी ते शंभर वर्षे वाढलेच नाही. नकाशावरची एक रेघ पिढ्यांचे भवितव्य कसे ठरविते, हे १९५६ ची राज्यपुनर्रचना अनुभवलेल्या सीमाभागातील वाचकांस निराळे सांगावयास नको.

काउंटीच्या उत्तरेस ओल्ड सेरम ही गरीब गोऱ्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. तेथील कनिंगहॅम वकिलाची फी सरपण व अक्रोडाच्या जातीच्या फळांनी फेडतो, पण उपकार घेत नाही. टॉम रॉबिन्सन या निरपराध कृष्णवर्णीयाला ठार मारण्यास तुरुंगापाशी जमणारा जमावही याच वस्तीतला. आणि पुढे ज्यूरीच्या खोलीत निकाल काही तास लांबविणारा एकमेव सदस्यही कनिंगहॅमांच्याच नात्यातला! स्वाभिमान, क्रौर्य आणि न्यायबुद्धी ही तिन्ही एकाच मातीत रुजलेली दाखविणे, हे या कादंबरीचे खरे यश होय.

मग निर्णय चुकला कोठे? ज्यूरीत बहुतेक शेतकरीच बसले, कारण गावातील प्रतिष्ठित मंडळी सबब सांगून सुटली. दुकानदाराला गिऱ्हाईक तुटण्याचे भय, इतरांना अनास्था. स्त्रियांना तर तेथे ज्यूरीत स्थानच नव्हते. याच सुमारास, एप्रिल १९३५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पद्धतशीरपणे वगळणे घटनाबाह्य ठरविले. तो निकालही अलाबामाच्याच दोन काउंट्यांतील ज्यूरींच्या संदर्भातला. कादंबरीतील खटला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला आहे. पण मेकमच्या न्यायालयात कृष्णवर्णीय सज्जाच्या बाकांवरच बसलेले दिसतात. वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय आणि ठाण्यातील व्यवहार यांतील हे अंतर ज्याने सरकारी परिपत्रके खाली उतरताना पाहिली आहेत, त्याला चटकन उमजते.

तथापि एका बाबतीत लेखिकेचीही दृष्टी सज्जाच्या खालीच राहते. ओल्ड सेरमच्या माणसाला मनःपरिवर्तनाची संधी मिळते. गावाबाहेरील कृष्णवर्णीयांची वस्ती मात्र मुख्यतः कॅलपर्निया या स्वयंपाकीणबाईच्या सोबतीने, एका रविवारच्या प्रार्थनेपुरती दिसते. मुक्त झालेल्या गुलामांच्या पहिल्या मिळकतीतून विकत घेतलेले ते प्रार्थनामंदिर! त्याचा इतिहास एका वाक्यात आटोपतो. टॉमची पत्नी हेलन हिला तर बोलण्यास फारसा वावच नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचे काउंटीविषयीचे मत आपणांस कळत नाही. ही उणीव लहान नव्हे.

तरीही ही कादंबरी पुन्हा वाचावी असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. टॉमला दोषी ठरविणारे हात आडवस्तीतले होते, हे खरे. पण त्यांच्यासाठी जागा रिकामी करून देणारे सुशिक्षित लोक ठाण्याच्या गावातले होते. पिढ्यानपिढ्या परक्या प्रांतात नांदलेली आपली कुटुंबेही बहुतांशी ठाण्याच्या गावांतलीच. सार्वजनिक कर्तव्याची वेळ येते तेव्हा आपण कोणती सबब सांगतो, हा प्रश्न ही कादंबरी आपल्यालाही विचारते.