सरासरी पगार कुणाच्याच हातात पडत नाही

परवा वाणगावला गाडीत चढल्यावर शेजारच्या मावशींनी मोबाइल पुढे केला. लाडकी बहीणचा हप्ता आला नव्हता. "ताई, बंद केलं तर केलं. पण आधीचे परत मागतील का? ते तर दुकानाच्या उधारीत गेले."

फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं होतं की अपात्र ठरलेल्या महिलांना आधी दिलेली रक्कम परत घेणार नाही. पुढे सरकारी नोकरीतल्या दोन हजारांहून जास्त महिलांनी लाभ घेतल्याचं निघालं आणि वसुलीची भाषा सुरू झाली. त्यांच्याकडून वसुली व्हावी, याला माझी हरकत नाही. पण वसुलीचं यंत्र एकदा सुरू झालं की ते कुठे थांबतं?

म्हणून ऑस्ट्रेलियातल्या 'रोबोडेट' प्रकरणाचा चौकशी अहवाल वाचायला घेतला. कॅथरीन होम्स यांच्या आयोगाने तो जुलै २०२३ मध्ये दिला.

प्रकरण सोपं आहे. तिथे बेकारभत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याची कमाई कळवायची असते. २०१५ पासून सरकारने आयकर खात्याकडचा वर्षाचा आकडा घेतला, २६ पंधरवड्यांत सारखा वाटला आणि लोकांनी कळवलेल्या आकड्यांशी ताडला. फरक दिसला की "जास्त घेतलेत, परत करा".

यातली चूक आपल्याकडच्या उदाहरणाने बघू. समजा, एका बाईला मिरची तोडणीचे चार महिने १२,००० रुपये मिळाले, उरलेले आठ महिने काहीच नाही. वर्षाचे झाले ४८,०००, महिन्याची सरासरी ४,०००. पण ४,००० तिला एकाही महिन्यात मिळालेले नाहीत! रिकाम्या महिन्यात तिने "शून्य" असं खरं सांगितलं, तरी गणित तिला खोटी ठरवतं. सरासरी हा वर्षाचा सारांश आहे, एखाद्या महिन्याचा पुरावा नाही.

अहवालाची ताकद अशी की तो "कॉम्प्युटर चुकला" म्हणून सोडून देत नाही. कायद्याला धरून नाही हे कळत असताना अधिकारी आणि मंत्री कसे वागले, ते तो नावानिशी मांडतो. जुन्या पगारपावत्या शोधायचं काम लोकांवर ढकललं, वसुली एजंट मागे लावले, हेही सांगतो. मुलगे गमावलेल्या आयांच्या साक्षी वाचताना मी दोनदा थांबले. २०१९ मध्ये ही पद्धत कोर्टात टिकली नाही. २०२० मध्ये सरकारने पैसे परत करायचं कबूल केलं.

खटकलं ते एवढंच: पुढील कारवाईसाठी कुणाची नावं पाठवली, ते प्रकरण आयोगाने सीलबंद ठेवलं. नोटीस मात्र गरिबाच्या दारात उघडपणे आली होती.

आपल्याकडे २०१४ च्या रफीक मसीह निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना चुकून जास्त गेलेला पगार वसूल करता येणार नाही, कारण तो खर्च झालेला असतो आणि वसुलीचा त्रास फार मोठा असतो. तो निकाल नोकरदारांबद्दल आहे. पण उधारीत गेलेल्या १,५०० रुपयांना हाच विचार लागू का नसावा?

मावशींना एवढंच सांगितलं: नोटीस आलीच तर घाबरून पैसे भरू नका. कुठल्या महिन्याचे, किती आणि कशावरून, हे आधी लेखी मागा. त्या म्हणाल्या, "लिहून तूच दे मग."

देईन.