गजाननबुवा जोशी यांचे व्हायोलिनवादन : ‘गायकी अंगा’चा पुनर्विचार

गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांचा निर्देश सामान्यतः दोन ठिकाणी होतो : एकदा ख्यालगायकांच्या नामावळीत आणि पुन्हा व्हायोलिनवादकांच्या नामावळीत. ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यामुळे बुवांच्या कलेचा मूळ प्रश्नच दृष्टिआड होतो. त्यांच्या वादनाला ‘गायकी अंगाचे’ हे विशेषण लावले की विवेचन संपले, असे समजण्यात येते. वस्तुतः विवेचनाला आरंभ व्हावयास हवा तो या विशेषणापासूनच.

बुवांची जडणघडण पाहता ती सर्वस्वी गायकाची आहे. त्यांचे वडील अनंत मनोहर तथा अंतूबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. गिरगावात त्यांनी गायनवादनाचे विद्यालय चालविले आणि पुढे औंध संस्थानात दरबारगायक म्हणून लौकिक मिळविला. वडिलांकडून ग्वाल्हेर गायकीचा वारसा घेतल्यावर गजाननबुवांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून विद्या घेतली, आग्र्याच्या विलायत हुसेन खाँ यांच्याकडून त्या घराण्याची तालीम मिळविली, आणि अल्लादिया खाँ यांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडून जयपूर गायकीचा अभ्यास केला. तीन घराण्यांची शिस्त अशा रीतीने पचविलेल्या गायकाने गज हाती धरला, ही घटना त्यांच्या वादनाच्या परीक्षणात केंद्रस्थानी ठेवावी लागते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. सोव्हिएत रशियाचा थोर व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राख (१९०८–१९७४) हा बुवांचा समकालीन. ओडेसा येथे स्तोल्यार्स्की यांच्या हाताखाली तो तयार झाला. १९३७ साली ब्रुसेल्सच्या स्पर्धेत त्याने प्रथम क्रमांक मिळविला आणि मॉस्कोच्या संगीतविद्यालयात अध्यापन करीत शिष्यांची एक पिढी घडविली. त्याच्यासमोर लिखित रचना होती. शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कंचेर्तो त्यालाच अर्पण झालेला असून १९५५ साली लेनिनग्राडमध्ये त्याने तो प्रथम वाजविला. त्या रचनेत तिसऱ्या भागाच्या अखेरीस वाद्यवृंद थांबतो आणि एकटे व्हायोलिन दीर्घकाळ बोलत राहते. भारतीय श्रोत्यास हा भाग आलापीच्या जवळचा वाटण्याचा संभव आहे. तथापि त्यातील प्रत्येक स्वर रचनाकाराने आधीच निश्चित केलेला असतो. वादकाची थोरवी तो स्वर किती अर्थपूर्ण करतो यात असते. ख्याल मांडणाऱ्या वादकापुढे मात्र बंदिशीच्या चार ओळी आणि रागाची मर्यादा एवढेच असते. उरलेली इमारत त्याला बैठकीतच उभारावयाची असते. ही इमारत उभारण्याची विद्या बुवांना गायनाने दिली.

म्हणून ‘गायकी अंग’ म्हणजे कंठाच्या ध्वनीचे अनुकरण, हा समज अपुरा ठरतो. मांडी घालून, व्हायोलिनचे टोक पायाशी टेकवून वाजविण्याच्या भारतीय पद्धतीत वाद्य सावरण्याच्या कामातून डावा हात बराचसा मोकळा होतो. मींड त्यामुळे सुलभ होते, आणि मींड साधली की गायकी साधली असा भ्रम विद्यार्थ्यांत सहज उत्पन्न होतो. परंतु ख्यालात केवळ आकाराची अखंडता नसते. तेथे शब्द असतात, शब्दांचे आघात असतात आणि त्या आघातांतून समेकडे जाणारी वाट असते. वाद्याला शब्द नाहीत. शब्दाने करावयाचे कार्य येथे गजालाच करावे लागते : गज कोठे पालटावा, कोठे रोखावा, कोणत्या स्वरावर दाब द्यावा, यातूनच बंदिशीचा मुखडा ओळखू येतो. ग्वाल्हेरच्या अंगाने स्थायी-अंतऱ्याची नेटकी मांडणी, आग्र्याच्या अंगाने लयीशी केलेली झुंज आणि जयपूरच्या अंगाने तानेची पेचदार वीण यांचा भेद निःशब्द वाद्यावर स्पष्ट करणे हे गजाचे काम आहे. ज्याला मूळ चीज गाता येत नाही, त्याचा गज ती सांगू शकणार नाही.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. व्हायोलिनने सदैव कंठाचेच अनुसरण केले, तर त्याचे स्वतःचे व्यक्तित्व कोणते? वाईला जन्मलेल्या विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) यांच्या वादनात या आक्षेपाचे एक उत्तर सापडते. त्यांनी गजाच्या लयबद्ध आघातांतून तंतकारीच्या वळणाची वाणी निर्माण केली आणि बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईसमवेत जुगलबंदीत ती यशस्वी करून दाखविली. वाद्याच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने जोगांचे कार्य अधिक पुढचे मानावे लागेल. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांनी द. वि. पलुस्करांच्या गायनाचा प्रसाद व्हायोलिनवर उतरविला. त्यांचा मार्ग बुवांच्या मार्गाला अधिक जवळचा आहे.

बुवांपुरते पाहता आक्षेपाचे उत्तर त्यांच्या शिष्यपरंपरेत शोधावे लागते. ओइस्त्राखचे नाव पुढे चालविले ते त्याचा पुत्र इगोर व शिष्य गिडॉन क्रेमर या व्हायोलिनवादकांनी. बुवांच्या शिष्यांत मात्र उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर, शुभदा पराडकर अशी गायकांचीच नावे ठळकपणे दिसतात. पुत्र मधुकर जोशी यांनी व्हायोलिन चालविले. श्रीधर पार्सेकरांसारखा तेजस्वी व्हायोलिनवादक शिष्य १९६४ साली, गुरूच्या हयातीतच, निवर्तला. एका श्रेष्ठ वादकाचा वारसा प्रामुख्याने कंठांत टिकून राहावा, यात वाद्याची हानी निश्चित आहे. परंतु त्यातून बुवांच्या वादनाचे स्वरूपही उलगडते. त्यांच्या ठायी कंठ आणि गज ही एकाच विद्येची दोन साधने होती, आणि शिष्याला ती विद्या देताना त्यांना कंठ अधिक जवळचा वाटला असावा.

अशा कलावंताचा अभ्यास दोन प्रकरणांत विभागून होणार नाही. संशोधकाने त्यांची एखादी चीज त्यांच्या परंपरेतील गायकाकडून समजून घ्यावी, तिचे आघात टिपावेत आणि मग बुवांचे वादन ऐकावे. गजाचे पालटणे शब्दांच्या जागी कसे उभे राहते हे अशा श्रवणातूनच ध्यानी येईल. ज्या कंठांत आज ती विद्या आहे ते गाते आहेत तोवरच हा अभ्यास शक्य आहे; पुढे केवळ ध्वनिमुद्रणे उरतील, आणि त्यांतील शब्द कोणते हे सांगणारे कोणी उरणार नाही.